तांबोळीचाचांची बडबड

"गुंगीवर उतारा देऊ का, बाई? थोडा वेळ तरी जाग येईल..." केतकीने विचारलं.

खाटेवरच्या तांबोळीचाचांचा श्वास रिबेकाबाई पाहत होत्या. एक श्वास येई. मग बराच वेळ येत नसे.

मिशनच्या त्या जुन्या इस्पितळात बाईंच्या हाताखाली परिचारिकांच्या कितीतरी तुकड्या शिकून गेल्या होत्या. केतकी यंदाच्या तुकडीत पहिली. माणसाला तरतरी आणणारी औषधं कोणती, गुंगी आणणारी कोणती, कशाचा अंमल कधी उतरतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

दुपारभर चाचा ओरडत होते. शेजारच्या खाटेवरचे गुजरमास्तर वैतागले होते.

"पोरी, त्याला झोपव, नाहीतर मला तरी झोपव!"

सगळा वॉर्ड हसला होता. अस्वस्थ झाल्यास द्यायचं इंजेक्शन डॉक्टरांनी लिहून ठेवलंच होतं. केतकीने ते दिलं. वॉर्ड शांत झाला.

संध्याकाळी चाचांची मुलगी शमीम बार्शीहून आली. तिने पुष्कळ हाका मारल्या. चाचा जागे झाले नाहीत.

"उतारा दिलास तर झटके येतील," बाई अखेर म्हणाल्या. "आता एकही झेपायचा नाही त्यांना."

"पण डोस बरोबर होता, बाई."

"बरोबर होता."

"श्वास मोजूनच दिला मी."

"पाहिलं मी."

शमीमने वडिलांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"सिस्टर, दुपारी तुम्हीच होता ना इथं?"

"हो."

"अब्बा बोलत होते म्हणे."

"ओरडत होते... खूप."

"काय?"

केतकीने तोंड उघडलं. चाचांची नाडी तिला आठवत होती. रक्तदाब आठवत होता. कोणत्या दंडात सुई टोचली तेही. शब्द मात्र एकही आठवेना.

"भ्रमात होते हो ते. अशा वेळी पेशंट बडबडतात."

"ते कळलं. पण काय?"

शमीमने गुजरमास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी भिंतीकडे कूस बदलली.

"माझं नाव घेतलं का? तेवढंच सांगा."

केतकीला 'हो' म्हणता आलं असतं. शमीम तेवढ्यावर उठून गेली असती. केतकी बाईंकडे वळली.

"मी त्यांना शांत केलं, बाई... तेच करायचं होतं ना?"

रिबेकाबाईंनी खाटेखालचं स्टूल ओढलं, चाचांच्या उशाशी ठेवलं. केतकीच्या खांद्यावर हात ठेवून तिला त्यावर बसवलं.

पुढचा श्वास येत नव्हता... आला.

"ऐक आता," त्या म्हणाल्या, "काय म्हणतायत ते."