चार महाराजांचे अठ्ठावीस हत्ती

“एकवीस हत्ती कुठे गेले?”

हैबतराजे असे गरजले की दारातले चोपदारसुद्धा दचकले. त्र्यंबकशास्त्री तर दोन पावले मागेच सरकले. भिवरगडच्या दप्तरशाळेचे ते गुरुजी. राज्यातल्या वस्तूंच्या नोंदी अशा मांडायच्या की विचारल्याबरोबर हवी ती माहिती हाती लागावी, ही विद्या ते शिकवत. परीक्षेला ते विद्यार्थ्यांच्या चौकड्या करत आणि प्रत्येक चौकडीला एकेक दप्तर रचायला देत. यंदा एका चौकडीच्या वाट्याला गजशाळा आली होती, आणि तीच चौकडी आता मान खाली घालून उभी होती.

“दप्तर म्हणतं अठ्ठावीस हत्ती. गजशाळेत आहेत सात! बाकीचे काय मुंग्यांनी ओढून नेले?”

“महाराज, मी फक्त वैरण लिहिली,” सरदारांचा निळोजी घाईघाईने म्हणाला. “माझे सात बरोबर आहेत!”

“माझे औषधपाण्याचे सातही बरोबर!” दाजिबा म्हणाला.

“दागिन्यांचेसुद्धा सातच!” बहिरूने री ओढली.

“आणि माहुतांकडचे सात माझे,” येसू म्हणाली. तांबटाची ही पोर चौकडीत एकटीच मुलगी होती, आणि आवाज तेवढा तिचाच कापत नव्हता.

“वा! सगळ्यांचे बरोबर! म्हणजे सात चोक अठ्ठावीस करताना मीच चुकलो म्हणायचं!”

झाले होते ते असे. काम वाटून घेतले त्याच दिवशी येसू म्हणाली होती, “एकदा चौघं एकत्र बसू या.” त्यावर निळोजी हसला होता. “बसायचं कशाला? आपापलं लिहू, शेवटी एका दोऱ्यात बांधू. झालं दप्तर!” शास्त्रीबुवांनी ते ऐकले होते, आणि पोरे भांडत नाहीत यातच समाधान मानून मान डोलावली होती. आता कोठारातले लोक ज्या हत्तीला ‘खादाड’ म्हणत, तोच वैद्यांचा ‘लंगडा’ होता, दागिन्यांच्या जामदारखान्यात त्याचे नाव ‘रत्नशेखर’ होते आणि माहुताचा तो लाडका ‘बाब्या’! चार चोपड्या एका दोऱ्यात बांधल्या, आणि एका हत्तीचे चार झाले.

“महाराज, चूक झाली,” शास्त्रीबुवा चाचरले. “म्हणजे, बहुधा माझीच...”

“चूक? या दप्तरावर माझा शिक्का आहे! शिवाय शेजारच्या राजाच्या वकिलापुढे मी अठ्ठावीस हत्तींची फुशारकी मारून बसलोय. शिक्क्याखाली आहेत म्हणजे आहेत! उद्या भर दरबारात एकवीस हत्ती हजर करा. नाहीतर दप्तरशाळेला टाळं!”

बाहेर येताच शास्त्रीबुवा पायरीवर मटकन बसले. “टाळं लागलं म्हणायचं! अगं, हत्ती काय बाजारात जुडीनं मिळतात? उद्यापर्यंत एक सोंड मिळायची नाही!”

“गुरुजी, सोंडेचं नंतर बघू,” येसू म्हणाली. “आधी चार आसनं मागायला हवीत.”

“आसनं? हत्तींना?”

“छे! हत्ती घेऊन येणाऱ्यांना!”

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. येसूने पुढे होऊन मुजरा केला. “महाराज, हत्ती निघालेत. पण त्यांना घेऊन येणारे चौघे फार मोठे लोक आहेत. त्यांना उभं ठेवणं बरं दिसेल का?”

राजे खूश झाले. “मांडा रे चार आसनं! गाद्या घाला, लोड ठेवा! कोण येतंय, पोरी?”

“पहिले, आऊसाहेबांचे बाळराजे.”

राजांनी भुवया उंचावल्या. त्यांच्या म्हाताऱ्या आई, आऊसाहेब, त्यांना अजून बाळच म्हणत.

“दुसरी, राणीसाहेबांची स्वारी. तिसरे, धाकल्या नातवाचे आबा, जे रोज त्याचा घोडा होतात.” दरबारात खसखस पिकली. “आणि चौथे, भिवरगडचे धनी हैबतराजे!”

“अगं, हे चौघेही मीच की!”

“असं कसं, महाराज? चार जणांना विचारलं, चार नावं मिळाली. मी चौघं लिहून घेतले. आमच्या दप्तरशाळेत असंच शिकवतात!”

शास्त्रीबुवांनी उपरण्यात तोंड लपवले. संपलेच सगळे, त्यांना वाटले.

पण येसू थांबली नाही. तिने वाकून पहिल्या आसनाकडे हात केला. “बसावं, महाराज.” राजे बसले. “आता उरलेल्या तिन्ही आसनांवरही बसावं.”

“एका माणसानं चार जागी बसायचं कसं?”

“ते मला नाही ठाऊक. पण हे तिघे येऊन बसले की त्यांच्या पाठोपाठ एकवीस हत्ती आलेच म्हणून समजा!”

राजांनी त्या तीन रिकाम्या आसनांकडे पाहिले. मिशी थरथरली, मग पोट, आणि मग लोडच घरंगळला! राजे हसता हसता डोळे पुसू लागले.

“हरलो! पण पोरी, त्या वकिलाला आता काय तोंड दाखवू? त्याला मी अठ्ठावीस सांगून बसलोय ना!”

“खुशाल सांगा, महाराज, आकडा खराच आहे! भिवरगडात चार महाराज, आणि दर महाराजामागे सात हत्ती!”

पुन्हा हास्याचा स्फोट झाला. राजांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून येसूच्या हातावर ठेवला, गजशाळेचे नवे दप्तर तिच्या चौकडीकडे सोपवले, चौघांनी एकत्र बसण्यासाठी एक प्रशस्त ओसरी दिली आणि दप्तरशाळेला पाच गावांचे उत्पन्न लावून दिले. शास्त्रीबुवांना तर हत्तीवरून घरी पोचवा असा हुकूम झाला. बुवा अंबारीत डोळे मिटून, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून बसले होते, आणि लोक त्यांच्यावर फुले उधळत होते!