एकाच मुलीची हजेरी

दोष उमाकांत लोखंडेचा होता. त्याच्या चार वर्षांच्या मुलीचा नव्हता, बायकोचा नव्हता, नशिबाचा तर नव्हताच. पण मठाच्या ओट्यावर तो असा बसला होता, जणू दुसऱ्याच कुणाची तरी तक्रार घेऊन आलाय.

"मग चुकतंय कुठं, महाराज?"

सोमगिरी महाराजांनी धुनीत एक लाकूड सरकवलं.

महाराज म्हणजे कुणी मोठे सिद्धपुरुष नव्हते. तंबाखू खायचे, भक्तांवर खेकसायचे, आणि एके काळी मठात शिकायला राहिलेल्या पोरांना फोकेनं सोलून काढायचे. उमाकांत त्या पोरांतलाच. धुनीच्या राखेत बोट फिरवून पहिलं अक्षर त्यानं इथंच काढलं होतं. पाठीवर पहिला वळही इथंच उठला होता. आता तो तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवत होता, आणि जुन्या गुरूला आपली मुलगी दाखवायला डोंगर चढून आला होता. शंका विचारायला आलो, असं तो स्वतःला सांगत होता. खरं म्हणजे शाबासकी घ्यायला आला होता.

मुलगी शेजारी बसली होती. मांडी घातलेली, पाठ ताठ. रेवा तिचं नाव.

"मी तिला बालवाडीत घातलं नाही," उमाकांत म्हणाला. "आमच्याच शाळेत बघतो ना मी रोज. तोंडावर बोट, हाताची घडी, जरा हललं की दटावणी. म्हटलं, माझ्या लेकराला हे नको. माझी शाळा दुपारची. सकाळी मीच शिकवीन घरी."

"बरं केलंस."

तेवढ्यानं तो फुलला.

"अगदी हळुवार, महाराज. आवाज चढवायचा नाही. हात उगारायचा नाही. तुमच्यासारखं तर..." तो थांबला, हसला. "म्हणजे, तो काळ वेगळा होता."

"काळ नव्हता मारत. मी मारत होतो. पुढं बोल."

उमाकांतनं सांगितलं. सकाळी दूध झालं की सतरंजी अंथरायची. मूग-मटकी वेगळी करायची, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात न सांडता ओतायचं, मातीचे गोळे, मग गोष्ट. सगळं खेळातून. आधी हजेरी मात्र घ्यायची. रेवा उमाकांत लोखंडे... हजर, सर.

"हजेरी?" महाराजांनी विचारलं. "किती पोरं आहेत?"

"ही एकटीच."

"मग हजर नाही म्हणून कोण सांगणार?"

उमाकांतला गंमत कळली नाही. "सवय लागते. सतरंजीवर बसलं की मी सर. बाबा नाही. त्यामुळं लाडीगोडी चालत नाही, हट्ट होत नाही. काही हवं असलं तर हात वर करायचा. मुलांना चौकट लागते, महाराज. चौकटीत त्यांना सुरक्षित वाटतं."

हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. वाचलं ते खोटंही नव्हतं. पण मोठ्या माणसांच्या हातात एखादी खरी गोष्ट पडली की ते ती घराच्या भिंतींना फासतात, पांढऱ्या चुन्यासारखी, एक कोपरा सोडत नाहीत. उमाकांतनंही तेच केलं. शिकणं काय सतरंजीपुरतं असतं का, असं म्हणून त्यानं जेवणाचा पाठ सुरू केला. मग आंघोळीचा. मग झोपण्याआधीच्या आवराआवरीचा. सर सकाळी उठायचे आणि रात्री दिवा मालवायचे. आजी-आजोबा सुट्टीत आले, त्यांनी नातीला हात वर करून पाणी मागताना पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. पोर किती शहाणी म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. एकालाही त्या घरात काही विचित्र वाटलं नाही.

"सगळं येतं तिला," उमाकांत म्हणाला. "फक्त एक आहे. प्रश्न विचारत नाही हल्ली. आधी डोकं खायची. शेळीची दाढी कोण कापतं, रात्री नदी बंद करतात का... आता मीच विचारतो, काही शंका? तर म्हणते, नाही, सर. तेवढं कसं सुधारावं, ते सांगा."

महाराजांनी पोरीकडं पाहिलं. "काय गं, नाव काय तुझं?"

रेवानं आधी बापाकडं पाहिलं. बापानं मान हलवली. मग ती उभी राहिली. "माझं नाव रेवा उमाकांत लोखंडे."

"बस, बस. वासरू बघायचंय का? तिकडं बांधलंय."

तिचे डोळे गोठ्याकडं गेले. तिथून बापाकडं आले. हात वर गेला.

"सर, जाऊ का?"

"जा. हळू जा."

महाराज तिच्या पाठमोऱ्या चालीकडं बघत राहिले. चार वर्षांचं पोर वासराकडं निघालं होतं, आणि पळत नव्हतं.

"बघितलंत?" उमाकांत म्हणाला.

"बघितलं."

ओट्याची शेवटची पायरी उंच होती. रेवाचा पाय चुकला. ती पुढं कोलमडली आणि दगडावर गुडघ्यावर आपटली. उमाकांत अर्धवट उठला. ती त्याच्याही आधी उठली होती. गुडघा सोलवटला होता, रक्त पोटरीवर उतरत होतं. तिनं ओठ आत ओढून धरले, वळली, आणि हात वर केला.

"बोल, रेवा," उमाकांत म्हणाला. सवयीनं म्हणाला.

"सर, रडू का?"

...

धुनीतलं लाकूड तडतडलं. उमाकांतच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून तसंच होतं. त्याचं काय करावं, हे त्याला सुचेना.

"रड ना... रड, बाळा. विचारायचं काय त्यात."

रेवानं जरा विचार केला.

"किती वेळ, सर?"

"असं मी शिकवलेलं नाही हं," उमाकांत घाईनं महाराजांना म्हणाला. "उलट मुलांनी रडू दाबून ठेवू नये, असं माझं मत आहे. म्हणून पाठ संपला की त्यासाठी थोडा वेळ ठेवलाय. तेव्हा मोकळं रडायचं. मी काहीच म्हणत नाही."

महाराज त्याच्याकडं वळले.

"मी तुला मारायचो."

"जाऊ द्या ते, महाराज."

"नाही जाऊ द्यायचं. मारायचो ना?"

"हो."

"तू रडायचास?"

"रडायचो. चांगला भोकाड पसरायचो."

"कुणाला विचारून?"

उमाकांतनं पायरीखाली उभ्या लेकीकडं पाहिलं.

"मारलं ते माझं पाप," महाराज म्हणाले. "ते माझ्या माथ्यावर. त्याच्या आडोशाला तू उभा राहू नकोस."

ते उठले. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसले. "ये गं."

रेवा आली. हातभर अंतर ठेवून ताठ उभी राहिली. महाराजांनी तिचा दंड धरून तिला सरळ मांडीवर ओढलं. कफनीला राखेचा आणि तंबाखूचा वास होता. त्यांनी तिचा पाय उचलला, तोंड जवळ नेलं, गुडघ्यावर फुंकर घातली. पुन्हा घातली. एरवी आग्या मोहोळासारखे अंगावर येणारे हे महाराज आता नुसते फुंकत होते.

तिचा खालचा ओठ थरथरला. मग सगळा चेहराच मोडला.

ती रडली. नाक गळत होतं, लाळ गळत होती, श्वास पुरत नव्हता. कफनी मुठीत धरून ती रडत होती, आणि रडता रडता एकच गोष्ट मागत होती.

"बाबा पाहिजे... मला बाबा पाहिजे..."

उमाकांत चप्पल न घालताच पायऱ्या उतरला. तो तिच्यासमोर मातीत गुडघे टेकून बसला, दोन्ही हात पुढं केले.

"हा बघ. इथंच आहे ना मी. मी इथंच आहे."

रेवानं मान वर केली. त्याला पाहिलं.

रडणं थांबलं. तिनं मनगटानं नाक पुसलं, कफनी सोडली, मांडीवरून घसरून खाली उतरली आणि सरळ उभी राहिली.

"झालं, सर."

उमाकांतचे हात तसेच पुढं राहिले.

महाराजांनी पोरीला पुन्हा मांडीवर घेतलं, तिचं तोंड आपल्या छातीत लपवलं, आणि तिच्या डोक्यावरून हलक्या आवाजात म्हणाले,

"उमाकांत, तू जरा लांब जा. तिला रडायचंय."