हात खाली

"...मग वर्गात कानांवर हात घेऊन बसणाऱ्या मुलीला शिकवायचं तरी कसं, महाराज?"

विचारणारे घोलप गुरुजी तालुक्याच्या शाळेचे मुख्याध्यापक. गणितात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

टेकडीवरच्या मठात केशवानंद महाराज झांजा पुसत बसले होते.

"कोण मुलगी?"

"सातवीतली तनुजा. हुशार आहे. पण घंटा वाजली, वर्गात गलका झाला, की कान झाकते. बाकाखाली शिरते. डॉक्टर म्हणतात, साधा आवाजही तिला सोसत नाही, मेंदूची घडणच तशी आहे. मी म्हटलं, थेरं आहेत सगळी. शिस्त लावली की सुटेल."

"लावलीस?"

"लावली."

झांजा हातात घेऊन महाराज उठले.

"सतराचा पाढा म्हण."

गुरुजींना हसू आलं. "सतरा, चौतीस, एक्कावन्न..."

कानाशी झांज कडाडली. पुन्हा कडाडली. थांबेचना.

"अडुसष्ट... पं... पंच्याऐंशी..."

पुढचा आकडा सापडेना. नकळत दोन्ही हात कानांवर गेले.

"हात खाली!" महाराज ओरडले.

गुरुजी जागच्या जागी थिजले. हेच दोन शब्द. असाच चढा आवाज...

झांजा थांबल्या.

"तिनं घेतले हात खाली?" महाराजांनी हळूच विचारलं.

"नाही." गुरुजींची मान वर होईना. "मग मी... दोन मुलींना तिचे हात धरून ठेवायला सांगितलं. आणि बाकीच्या वर्गाला मोठमोठ्यानं पाढे म्हणायला लावले."

"आणि?"

"मुलं हसत होती. मीही हसलो, महाराज... त्या दिवसापासून ती बोलत नाही. घरीसुद्धा नाही. काल तिची आई आली होती. भांडली नाही. नुसती उभी राहिली... आणि मी तिला शाळेचे नियम सांगितले."

महाराज झांजा बाजूला ठेवून खाली बसले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं गुरुजींना वाटलं. ते नुसते समोर बसून होते. गुरुजींना कुठे बघावं कळेना.

अखेर गुरुजींनी डोळे पुसले.

"चुकलो. उद्याच प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, माईकवरून तिची माफी मागतो."

महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पुन्हा एवढा मोठा आवाज?"