चिंधीचा मळ

नुसती घंटी वाजली तरी माणसं बाजूला होत, त्या काळातली ही गोष्ट. एका सायकलच्या दुकानात एक जुनी हिरवी सायकल होती. तिच्या मडगार्डवर कुणीतरी हाताने ओढलेली सोनेरी रेघ होती, पण आता ती मळाखाली झाकली गेली होती.

एक दिवस तेलात भिजलेली चिंधी म्हणाली, "बाई, हळूच पुसून देऊ का?"

सायकलला संशय आला. जी स्वतः कोळशासारखी काळी, ती मला काय उजळणार? आपला काळेपणा माझ्या माथी मारायला आली असेल. "लांबूनच बोल," ती म्हणाली.

शेजारी घासायचा कोरा करकरीत पॉलिश पेपर होता. अंगावर एक डाग नाही. सायकलने त्यालाच बोलावलं. त्याने मडगार्ड खसाखसा घासलं. पत्रा आरशासारखा लखलखला.

सायकल हरखून चिंधीला म्हणाली, "बघ. आणि तुझ्या अंगावर सगळ्या जगाचा मळ."

"खरंय," चिंधी म्हणाली. "ज्याला पुसावं, त्याचा मळ माझ्या अंगावर येतो. आता याचं अंग बघा."

सायकलने पाहिलं. पॉलिश पेपर हिरवागार झाला होता, आणि मधूनच सोन्यासारखा चमकत होता.