लेप कुठल्या पायाला?

सरदार रायाजीरावांकडे गुन्हेगार आधी ठरायचा, तपास नंतर.

त्यांची घोडी लंगडू लागली. उजवा पुढचा पाय टेकला की ती मान खाली घाली. त्याच पायाला कासम नालबंदाने काल नाल ठोकली होती.

"खिळा चुकवलास! फटके द्या याला!" संधिवातामुळे उजवीकडे झुकत चालणारे सरदार पागेत येऊन गरजले.

सरदारीणबाई लेपाची वाटी घेऊन मागोमाग आल्या आणि नवऱ्याच्या उजव्या पायाला लेप लावू लागल्या.

"अगं, दुखतोय तो डावा!"

"मग उजवीकडे का झुकता?"

"डाव्यावर भार सोसवत नाही म्हणून!"

"घोडीचंही तेच असेल."

कासमने घोडीचा पुढचा डावा खूर उचलला. आत टोकदार खडा रुतला होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

सरदारांनी मुकाट्याने डावा पाय पुढे केला.