हातावरचं पोट

"रथाखाली हात घातलाच कशाला त्यानं? चूक त्याचीच!" दिवाणजी गरजले.

"अहो, माझा बाप रस्त्यात दगड बसवत होता! रस्ता महाराजांचा, रथ महाराजांचा, हाकणारेही महाराजच! हात तेवढा आमचा!" शिदू पाथरवटाची लेक राही ताडकन म्हणाली.

राजा रणधीररावांनी रणाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं; ताटाचं मात्र उठल्याबसल्या पाहत. असल्या शूरानं रथ भरधाव सोडला आणि शिदूचा उजवा हात पार चिरडला. भरपाई काय देऊ केली? वाटीभर हळद! केवढं हे औदार्य!

"लागलं हाताला, औषध हाताला," महाराज म्हणाले. "वर जन्मभराचं धान्य कसलं मागतेस? पोटाला कुठं लागलंय?"

"महाराज, आमचं हातावर पोट आहे!"

"हातावर पोट?" महाराजांना भारीच विनोद सुचला. "मग उद्या ते मला हातावर दाखव! नाही दाखवलंस, तर खोटी फिर्याद केली म्हणून बापलेकीला घराबाहेर काढीन!"

दरबारातले होयबा खो खो हसले. त्यांना तेवढंच काम.

दुसऱ्या दिवशी राही आली ती ऐन जेवणाच्या वेळी.

"पोट दाखवते, महाराज. पण तुमचा उजवा हात बांधावा लागेल. मी सोडीपर्यंत सोडायचा नाही. कबूल?"

"कबूल!" महाराजांनी ऐटीत हात पुढं केला. राहीनं तो त्यांच्याच शेल्यानं सिंहासनाला करकचून बांधला.

मग जेवणाचं ताट दरबारातच आणावं लागलं. तुपात न्हालेल्या पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडया! पण खाणार कसे? डाव्या हातानं जेवावं तर भर दरबारात छी थू! दिवाणजींनी घास भरवावा तर राजा कसला, तान्हं बाळच! आमटी निवली. महाराज घामाघूम झाले.

"सोड गं! पोटात कावळे कोकलतायत!"

"अगं बाई! बांधला हात, आणि ओरडतंय पोट? महाराज, दिसलं का आता पोट कुठं असतं ते? तुमचा हात आत्ता सुटेल. माझ्या बापाचा कधी सुटायचा?"

महाराजांनी बांधल्या हाताकडं पाहिलं, पोटाकडं पाहिलं. मग असे हसले, असे हसले, की सिंहासन करकरलं!

"हरलो, पोरी! सोड आता!"

"आधी हुकूम, मग गाठ!"

"शिदूला जन्मभर कोठारातून धान्य! औषधाला राजवैद्य! तुला सोन्याचं कडं! आणि धान्याचं पहिलं पोतं दिवाणजी स्वतःच्या पाठीवरून पोचवतील! आता तरी सोड गं, पोळी गार झाली!"