संध्याकाळच्या पाण्याची पाळी

सोनघळच्या महाराजांकडे पंचवीस दिव्यांचं झुंबर होतं, पण ते पेटत नव्हतं. त्याला वीज देणारं तेलावरचं इंजिन एक दिवस चालायचं आणि आठवडाभर रुसून बसायचं. त्या वैतागात महाराज संध्याकाळी गच्चीत आले, तर खाली भिकूच्या झोपडीत विजेचा दिवा लखलखत होता! राजाच्या घरी कंदील आणि पोफळीवाल्याच्या घरी वीज, हे पाहून महाराजांना जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिकू आणि त्याची मुलगी आवडी यांना बोलावणं गेलं. हा सगळा खटाटोप आवडीचा होता. तिने मोडक्या रहाटाचं चाक केलं, भंगारातला मोटारीचा डायनॅमो त्याला जोडला आणि ओढ्यावरून येणाऱ्या पाटाचं पाणी पन्हळीतून चाकावर सोडलं. बाप बिचारा दिवा लागला की नुसते हात जोडायचा.

"पाट कोणाचा?" महाराजांनी विचारलं.

"सरकारचा," भिकू म्हणाला.

"संध्याकाळची पाळी कोणाची?"

"ती पण सरकारचीच."

"मग रिवाज सांग."

भिकूने खाली बघत सांगितलं, "पाळी नसताना पाणी घेतलं, तर तेवढं आपल्या पाळीतून फेडायचं."

"ठरलं तर. पाऊस पडेपर्यंत तुझ्या सगळ्या पाळ्या बंद!"

वैशाखाचं ऊन, आणि पाळ्या बंद! म्हणजे पोफळीची बाग करपून जाणार. भिकूने कपाळाला हात लावला. आवडीलाही धडकी भरली, पण घाबरली की तिची जीभ जरा जास्तच चालायची.

"महाराज, पाणी कोणी घेतलं हे पाटकरी कसं ठरवतो?"

पाटाची राखण करणारा म्हातारा गणू पाटकरी पुढे आला. "माती बघून. ज्याची माती ओली, त्यानं पाणी घेतलं. आजवर असंच चालत आलंय."

"मग माती बघा की," आवडी म्हणाली.

सगळा दरबार भिकूच्या बागेत उतरला. गणूने पोफळीच्या आळ्यांत बोटं खुपसून पाहिली. माती कोरडी ठणठणीत, पाळी अजून यायची होती. मग तो चाकाखालून निघालेल्या पाण्याच्या मागे मागे चालत गेला आणि बांध ओलांडताच त्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला. ती होती महाराजांची फुलबाग! यंदा भर उन्हाळ्यात तिथला मोगरा असा काही फुलला होता, की महाराजांनी खूश होऊन माळ्याला चांदीचं कडं दिलं होतं. सगळ्यांनी माळ्याकडे पाहिलं. माळी आभाळाकडे पाहू लागला.

पण महाराज ऐकतात कसले! "तुझा दिवा तर लागतो. म्हणजे काहीतरी घेतलंसच."

"घेतलं ना. पाण्याचं पडणं घेतलं."

"ते पडणंही माझंच. परत दे."

"देते. पाणी पुन्हा वर आणून द्या, आत्ता पाडून दाखवते."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. महाराजांच्या मिशा हलल्या, पण हट्ट सुटेना. त्यांनी आवडीलाच विचारलं, "आणि माझी पाळी? ती कोण फेडणार?"

"रिवाजानं तुमीच, महाराज. पाणी महाराजांचं, भिजली महाराजांची बाग. तवा महाराजांनी महाराजांची पाळी फेडावी. आमी मधी नुसता दिवा धरून उभे व्हतो!"

महाराज पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी संध्याकाळचं पाणी कायमचं आवडीच्या चाकाला देऊन टाकलं. भिकूने डोळे पुसले.

"पण पोरी, माझ्या झुंबराचं काय?"

"मी आधी पन्हळीखाली हंडा धरला. किती वेळात भरतो ते बघितलं, आणि मग दिवा एकच ठरवला. तुमी आधी झुंबरच आणलंत! फुलबागेखाली अजून एक उतार हाय. तिथं चाक बसवू. पण दिवे ओढा सांगेल तेवढेच."

"ओढा राजापेक्षा मोठा काय गं?"

"इंजिन तरी तुमचं कुठं चालू देतंय? त्याचंच ऐकताय की!"

महाराजांना पुन्हा हसू फुटलं. नव्या चाकाचं काम त्यांनी तिथल्या तिथे आवडीकडे सोपवलं. आणि माळ्याने, कोणी काही म्हणायच्या आत, हातातलं कडं काढून तिच्यापुढे धरलं.